नाव कुणाच्या कामाचं?

ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यात, लिन्यारेसजवळ, किनारी जंगलाचा एक तुकडा राखून ठेवलेला आहे. त्यात ४० मीटर उंचीचं एक झाड आहे. अंदाजे वजन ६० टन. त्याची शेंग चपटी, लांब, म्यानातल्या कोयत्यासारखी, म्हणून तिथली माणसं त्याला 'जुएइराना-फासांव' म्हणत आली. 'फासांव' म्हणजे कोयता. या एवढ्या थोरल्या झाडाची शास्त्राच्या दप्तरात प्रजाती म्हणून नोंद झाली ती २०१७ साली. तोवर अशी सगळी मिळून पंचवीसेक झाडं ठाऊक होती.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा हसतो. शास्त्रज्ञ झोपले होते की काय? मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न पडतो. तिथल्या माणसांना झाड ठाऊक होतं, त्याला नावही होतं, आणि शास्त्रज्ञांनी तेच नाव जवळजवळ जसंच्या तसं उचलून 'दिनिझिया जुएइराना-फासांव' असं नोंदवलं. मग शास्त्राने नवीन काय केलं?

केलं ते एवढंच की शेजारी लावून पाहिलं. अमेझॉनच्या जंगलात या झाडाचा एक भाऊबंद आहे, इमारती लाकडासाठी नावाजलेला, आणि तो बऱ्यापैकी पसरलेला आहे. त्याच्यापासून हे वेगळं कसं, हे पानांवरून, फुलांवरून, शेंगेवरून लिहून ठेवलं. त्यामुळे 'अशी झाडं पुष्कळ आहेत' हे वाक्य खोटं ठरलं आणि 'अशी झाडं पंचवीस आहेत' हे वाक्य खरं ठरलं. सातबाऱ्यावर नाव नसलं म्हणून जमीन कुठे नाहीशी होत नाही. पण तंटा उभा राहिला की नोंद लागते. ती नसेल तर पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूसही हात चोळत बसतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या प्रजातींचं वर्णन आणि वर्गीकरण हे तलाठ्याच्या दप्तरासारखं सार्वजनिक काम आहे. ते सरकारी पैशाने, कायमच्या नोकऱ्यांतून, त्या त्या देशात व्हायला हवं. आणि एखाद्या प्रजातीचं वर्णन 'झालं' असं केव्हा म्हणायचं, तर झाडाखाली उभ्या माणसाला त्याच्या आधारे ओळख पटवता आली तर. या दुसऱ्या अटीमुळे माझे काही मित्र माझ्यावर नाराज आहेत. त्याकडे येतोच.

आधी चुकीच्या नावाची किंमत काय पडते ते पाहू. साल्व्हिनिया हे पाण्यावर तरंगणारं नेचं आहे. बोटाच्या पेराएवढी पानं, वर पाणी न धरणारी लव. शोभेला आणि वनस्पतिशास्त्राच्या वर्गात दाखवायला म्हणून ते देशोदेशी गेलं. १९३९ साली श्रीलंकेत पोचलं ते अशाच शिकवण्याच्या कामासाठी, आणि तिथून सुटलं. याला बीजाणू धरत नाहीत. तुकडा मोडला की त्याचं नवं रोप, एवढ्यावर भागतं. झांबेझी नदीवरचं करिबा धरण १९५८ च्या डिसेंबरात अडवलं आणि १९६२ पर्यंत नव्या जलाशयाचा सुमारे हजार चौरस किलोमीटर पृष्ठभाग या नेच्याने झाकला. केरळातले कालवे आणि भातशेतं त्याखाली गेली. तिथे त्याला नाव पडलं 'आफ्रिकन पायल', म्हणजे आफ्रिकेचं शेवाळ. ते आफ्रिकेचंही नाही आणि शेवाळही नाही.

पण लोकांनी चुकीचं नाव दिलं म्हणून हसू नये, कारण शास्त्रज्ञांचं नावही चुकीचंच होतं. पुस्तकं त्याला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा म्हणत. ऑरिक्युलाटा दक्षिण अमेरिकेतलं, तेव्हा त्याला खाणारे किडेही तिथेच सापडतील, असा सरळ हिशेब करून १९६० च्या दशकात त्रिनिदाद आणि गयानाच्या बाजूला शोध झाला. एक टोळ, एक पतंग आणि एक सोंड्या भुंगेरा हाती आले. ते आफ्रिकेत नेऊन सोडले. भुंगेऱ्याकडून तणाचा बंदोबस्त काही झाला नाही.

१९७२ साली डी. एस. मिचेल यांनी दाखवून दिलं की हे ऑरिक्युलाटा नव्हेच. वेगळी प्रजाती. तिला त्यांनी नाव दिलं मोलेस्टा, म्हणजे छळणारी. आता नवा प्रश्न: हिचं माहेर कुठलं? ते सापडलं १९७८ मध्ये, आग्नेय ब्राझीलमध्ये. आधी शोधलेल्या जागेपासून हजारो किलोमीटर दक्षिणेला. तिथे तिच्यावर एक सोंड्या भुंगेरा होता. तो ऑस्ट्रेलियात नेला, नीट पारखला आणि १९८० साली क्वीन्सलँडमधल्या मूनडारा तलावात सोडला. सव्वा वर्षाच्या आत तलाव मोकळा झाला.

इथे गोष्ट संपत नाही. हा भुंगेरा म्हणजे आफ्रिकेत फसलेलाच, असं सगळे धरून चालले होते. नावही तेच लावलं होतं, सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस. मग तिथे निकामी ठरलेला किडा इथे पराक्रमी कसा झाला? १९८५ साली उत्तर आलं: हाही वेगळाच. त्याचं वर्णन झालं, नाव पडलं सिर्टोबॅगस साल्व्हिनिए. म्हणजे तण चुकीच्या नावाचं, त्यावर सोडलेला किडाही चुकीच्या नावाचा, आणि मधली पंधरा-वीस वर्षं कालव्याकाठच्या शेतकऱ्याने भोगली. हाच भुंगेरा पुढे १९८३-८४ मध्ये केरळात सोडला आणि काही वर्षांत पाणी दिसू लागलं. अलीकडे बैतुल जिल्ह्यातल्या सारणीच्या जलाशयावरही त्यानेच काम केलं. तो जिल्हा आपल्या अमरावती जिल्ह्याला लागूनच आहे.

अशीच गत आफ्रिकेतल्या कसाव्याची, म्हणजे ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो त्या झाडाची. १९७० च्या दशकात तिथे नव्या पिठ्या ढेकणाने उच्छाद मांडला. किडा अमेरिकेतून आलेला, हे उघड होतं. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात अगदी तसाच दिसणारा पिठ्या ढेकूण मिळाला, पण त्याचे शत्रू आफ्रिकेतल्या किड्याला शिवेनात. निरखून पाहिल्यावर कळलं की ती दुसरीच प्रजाती. खरी सापडली १९८१ मध्ये पॅराग्वेत, आणि तिच्यावर जगणाऱ्या एका चिमुकल्या परोपजीवी कीटकाने आफ्रिकेतलं कसाव्याचं पीक वाचवलं. या कामासाठी हान्स हेरेन यांना १९९५ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्यांनी दोन पिठ्या ढेकणांच्या पाठीवरची छिद्रं आणि केस मोजून फरक सांगितला, त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात. मीही ती इथे लिहिली नाहीत, आणि हे लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे.

आपल्याकडे पपईवर पिठ्या ढेकूण आला तो २००८ साली, आधी कोइमतूरला दिसला आणि मग महाराष्ट्रातल्या बागांतही. पपई मुळात मध्य अमेरिकेकडची, किडाही तिकडचाच. फरक इतकाच की या वेळी दप्तर तयार होतं. या ढेकणाचं वर्णन १९९२ मध्ये झालेलं होतं, त्याच्यावर जगणाऱ्या परोपजीवीचं २००३ मध्ये. त्यामुळे २०१० साली पोर्तो रिकोहून नेमका तोच कीटक, आसेरोफॅगस पपाये, मागवता आला आणि फवारण्यांनी न आटोपलेलं काम त्याने केलं. धुळे-जळगावकडच्या पपईवाल्याने ही दोन लॅटिन नावं ऐकलेली असण्याचं कारण नाही. पण ती कुणीतरी आधीच लिहून ठेवली नसती तर त्याला ती पंधरा-वीस वर्षं पुन्हा मोजावी लागली असती.

इतकं असूनही पैशाचा विषय निघाला की वर्गीकरणाला 'टपाल तिकिटं जमवणं' म्हणतात. उपयोग काय, उत्पन्न काय? कोस्टा रिकाने या प्रश्नाला मान देऊन उत्तर शोधायचा प्रयत्न केला. १९८९ साली तिथे 'इनबिओ' ही जैवविविधता संस्था निघाली. देशातल्या सगळ्या प्रजातींची मोजदाद करायची, आणि त्यातून औषधं, रसायनं शोधणाऱ्या कंपन्यांकडून पैसा मिळवायचा, अशी योजना होती. १९९१ साली मर्क कंपनीशी दहा लाख डॉलरच्या वर करार झाला तेव्हा जगभर कौतुक झालं. जंगल स्वतःचा खर्च स्वतः काढणार, असं लिहिलं गेलं. मोठं औषध काही निघालं नाही. देणगीदार पांगले, कर्ज साचलं, आणि २०१५ मध्ये ३० लाखांच्या वर नमुन्यांचा तो संग्रह सरकारी राष्ट्रीय संग्रहालयाकडे सोपवावा लागला.

यावरून 'जैवविविधतेत पैसा नाही' असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला ते बरोबर वाटत नाही. चूक आधीच झाली होती, दप्तराने स्वतःचा पगार स्वतः कमवावा ही अपेक्षा ठेवली तेव्हा. भूमापन खात्याला आपण नफा विचारत नाही. पपईच्या बागेत वाचलेला पैसा वर्गीकरण करणाऱ्याच्या खात्यात जमा होत नाही, होऊही शकत नाही. तो हजारो शेतकऱ्यांच्या खिशात थोडाथोडा राहतो. अशा कामाला कराचा पैसा लावायचा नाही तर कशाला लावायचा?

आता मित्रांच्या नाराजीकडे.

कोस्टा रिकाच्या वायव्येला ग्वानाकास्ते हे संरक्षित क्षेत्र आहे. तिथे डॅनिएल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स यांनी गेली कित्येक दशकं एक काम चालवलं आहे: रानातून अळ्या आणायच्या, त्या ज्या झाडावर मिळाल्या त्याचाच पाला घालून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वाढवायच्या, आणि काय बाहेर पडतं ते लिहून ठेवायचं. कधी फुलपाखरू निघतं, कधी अळीला आतून खाऊन बारीक परोपजीवी गांधीलमाश्या निघतात. हे काम करणारी माणसं आसपासच्या गावांतली. शेतमजूर, गुराखी, घर सांभाळणाऱ्या बाया. १९८९ पासून अशांना सहाएक महिन्यांचं प्रशिक्षण देऊन पगारावर घेतलं गेलं. त्यांना तिकडे 'पाराताक्सोनोमो' म्हणतात.

१७७५ सालापासून एकच समजलं गेलेलं एक निळसर चकाकीचं फुलपाखरू, अॅस्ट्राप्टेस फुल्गेरेटर, इथे वाढवताना वेगळं वागायला लागलं. फुलपाखरं सगळी सारखी. पण अळ्या कुणी पिवळ्या पट्ट्यांच्या, कुणी ठिपक्यांच्या, आणि प्रत्येकीचा पाला ठरलेला. २००४ मध्ये डीएनएच्या एका तुकड्याची अक्षरं वाचून दहा प्रजाती असल्याचं जाहीर झालं. (नंतर काहींनी त्या आकडेमोडीवर शंका घेतली, दहा नसून कमी असाव्यात म्हणाले, एकापेक्षा जास्त आहेत यावर फारसा वाद झाला नाही.) डीएनएने फुलपाखरू फोडलं, अशा मथळ्याने ही बातमी फिरली. मला वाटतं श्रेय उलट दिशेने मोजायला हवं. पिशवीत पाला घालणाऱ्या हातांनी फरक आधी पाहिला होता. यंत्राने त्यावर शिक्का मारला.

पुढे २०२१ मध्ये याच कामातून एका शोधनिबंधात परोपजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या प्रजाती एका दमात जाहीर झाल्या. प्रत्येकीचं वर्णन म्हणजे बहुतेक करून साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा तो डीएनएचा तुकडा (त्याला बारकोड म्हणतात), एका बाजूने काढलेला फोटो, आणि कोणत्या अळीतून निघाली ही माहिती. पायावरचे काटे, पंखावरच्या शिरा, डोक्याची ठेवण, यांचा मजकूर नाही. वर्गीकरणाच्या जगात मोठं भांडण जुंपलं. विरोधक म्हणाले, हे वर्णन नव्हे. जुन्या, आधी नाव दिलेल्या प्रजातींशी ताडून पाहिलेलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला हे वापरता येणार नाही. समर्थक म्हणाले, तुमच्या चालीने चाललो तर सगळं जंगल जळून जाईल तरी निम्म्या माश्यांना नावं मिळणार नाहीत.

समर्थकांचा हिशेब हलका नाही. टेरी एर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर धुरासारखं कीटकनाशक सोडून खाली पडलेले किडे मोजले, आणि त्यातल्या हजारावर जातींच्या भुंगेऱ्यांवरून १९८२ मध्ये गणित मांडलं की उष्णकटिबंधात कीटक आणि त्यांच्या गणगोताच्या ३ कोटी प्रजाती असाव्यात. आज हा आकडा फार फुगलेला मानतात. पण आजवर नाव मिळालेल्या सगळ्या सजीवांची बेरीज २० लाखांच्या आसपास आहे, आणि नव्या प्रजाती मुख्यतः अशाच जंगलांत दडलेल्या आहेत. सपुष्प वनस्पतींचं घ्या, जिथे काम पुष्कळ पुढे गेलेलं आहे. गोळा केल्यापासून पाच वर्षांत नाव मिळालेल्या प्रजाती जेमतेम १६ टक्के निघाल्या. जवळपास चौथ्या हिश्शात तर पन्नास वर्षांहून जुने कागद उघडावे लागले. ओलिंगितो नावाचा कोलंबिया-इक्वेडोरच्या ढगाळ जंगलातला मांसाहारी कुळातला प्राणी २०१३ मध्ये जाहीर झाला तो शिकागोच्या संग्रहालयातल्या खणांत पडून राहिलेल्या कातड्यांवरून. या जातीची एक मादी तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत फिरवली गेली होती, कारण ती तिथल्या नरांशी जुगत नव्हती. बिचारीची जातच वेगळी होती.

तेव्हा घाई समजते. बारकोड स्वस्त होत चालला आहे, अळी, माशी आणि झाड यांचं नातं त्या ४०३ नोंदींत जितकं आहे तितकं पूर्वीच्या ऐटदार लॅटिन वर्णनांत कधी नव्हतं, हेही खरं. तरी त्या नोंदींना मी पूर्ण वर्णन म्हणणार नाही. कारण निकाराग्वाच्या सीमेपलीकडे, किंवा त्याच कोस्टा रिकाच्या दुसऱ्या टोकाला, एखाद्या कृषी सहायकाने ती माशी भिंगाखाली धरली तर त्या साडेसहाशे अक्षरांतून त्याला काय दिसेल? त्याला नमुना पाठवावा लागेल. ग्वानाकास्तेचे नमुने वाचले जातात ते कॅनडातल्या ग्वेल्फला. म्हणजे जी ओळख पूर्वी लंडन-पॅरिसच्या कपाटात कोंडलेली होती ती आता एका यंत्राच्या खोलीत कोंडली. कुलूप बदललं.

मी त्या नोंदींना कच्ची नोंद म्हणेन. कच्ची नोंद वाईट नसते. फेरफाराआधी ती लागतेच. पण ती पक्की करायला माणूस नेमलेला असावा, त्याचा पगार ठरलेला असावा. आज होतं असं की कच्च्या नोंदीच्या वेगाची जाहिरात होते आणि पक्की करणाऱ्याची जागा रिकामीच राहते.

झाडाखालच्या माणसाची कसोटी अव्यवहार्य आहे, असं मला सांगतात. मला ती कुठून सुचली ते सांगतो. तरुणपणी एकदा एका अनोळखी झाडाची फांदी घेऊन मी जाणकारांकडे गेलो होतो. त्यांनी ती दुरूनच पाहिली आणि म्हणाले, फुलं आली की या. ते झाड वर्षातले दहा-पंधरा दिवस फुलत असे, तेही मी गावात नसताना. त्या जाणकारांची चूक नव्हती, शास्त्रच फुलांवर उभं आहे. पण अमेझॉनसारख्या जंगलात, जिथे अंदाजे १६ हजार प्रजातींचे वृक्ष आहेत आणि फुलं असली तर ती ३० मीटर वर, तिथे 'फुलं आली की या' म्हणणं म्हणजे दार लावून घेणंच.

ते दार उघडता येतं हेही तिथेच सिद्ध झालं आहे. मिसुरी वनस्पती उद्यानाचे अल्विन जेंट्री यांनी वायव्य दक्षिण अमेरिकेतली झाडं फुलांवाचून ओळखता यावीत म्हणून जाडजूड मार्गदर्शिका लिहिली: पान समोरासमोर की एकाआड एक, चीक पांढरा की पिवळा, चुरडल्यावर वास कशाचा. १९९३ मध्ये ती निघाली आणि त्याच वर्षी इक्वेडोरमध्ये पाहणीसाठी उडताना विमान कोसळून ते गेले. मनाउसजवळच्या दुके राखीव जंगलातल्या दोन हजारांहून अधिक वनस्पतींचं असंच पुस्तक १९९९ मध्ये झालं, त्यात साल कापल्यावर आतून कशी दिसते याचे रंगीत फोटो आहेत. साल कापून ओळखण्याची विद्या मुळात कुणाची? ब्राझीलमध्ये ज्यांना 'मातेइरो' म्हणतात त्या रानवाटाड्यांची. कोयत्याची एक खाप, नाकाशी धरायची, नाव सांगायचं. वनस्पतिशास्त्रज्ञांचे कितीतरी सर्व्हे या माणसांच्या नाकावर झाले आहेत.

आणि इथे नावांचा जुना हिशेब निघतो. आपल्या अंगणातला शंकासूर घ्या. लाल-पिवळी फुलं, बारीक पानं, देवळाजवळ हमखास. तो बहुधा उष्ण अमेरिकेतला. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती १६९९ ते १७०१ दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये राहिली, अळ्या वाढवत, चित्रं काढत. १७०५ च्या आपल्या ग्रंथात शंकासुराच्या चित्राखाली तिने लिहिलं आहे की मळ्यांवर राबणाऱ्या गुलाम बायका याच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, आपली मुलं गुलाम होऊ नयेत म्हणून. आणि हे त्यांनीच तिला सांगितलं. शास्त्रीय नावांची आजची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ साली याच झाडाला नाव दिलं 'पॉइन्सिआना पल्चेरिमा'. पल्चेरिमा म्हणजे अतिसुंदर, आणि पॉइन्सिआना हे कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीच्या एका गव्हर्नरावरून. मळे ज्याच्या अमलाखाली होते त्याचं नाव राहिलं, बायकांचं ज्ञान वगळलं गेलं. पुढे वर्गीकरण बदलून ते सीसाल्पिनिया झालं, एका इटालियन वैद्याच्या नावाने.

याचा अर्थ जुनी नावं सगळी पुसा, असं मी म्हणत नाही. २०२४ मध्ये माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने आफ्रिकी लोकांना शिवी असलेला शब्द दोनशेहून जास्त नावांतून काढायचं ठरवलं, ते योग्यच केलं. पण प्रत्येक गव्हर्नर खणून काढायला बसलो तर पपईवरच्या किड्याचं टिपण कुठल्या नावाखाली शोधायचं हेच कळणार नाही. नाव टिकण्यात त्याचा उपयोग आहे. माझा आग्रह वर्णनाबद्दल आहे. स्थानिकांनी काय म्हटलं, कशावरून ओळखलं, कशाला वापरलं, हे वर्णनाच्या अंगातच यायला हवं. जुएइराना-फासांवच्या बाबतीत निदान नाव तरी आलं.

उरला प्रश्न नमुने कुठे ठेवायचे हा. प्रत्येक नाव एका प्रमाण-नमुन्याला बांधलेलं असतं. शंका आली की त्याच्यापाशी जावं लागतं. ब्राझीलच्या वनस्पतींचा पहिला मोठा ग्रंथ १८४० ते १९०६ अशा ६६ वर्षांत पुरा झाला, त्यात २२,७६७ प्रजाती आल्या, आणि त्याच्या पायाशी असलेला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियसचा संग्रह म्युनिकमध्ये. कोलंबियातल्या, स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ मुतिसच्या मोहिमेची हजारो चित्रं माद्रिदला. ब्राझीलने २०१० पासून लंडन-पॅरिसकडच्या नमुन्यांचे फोटो मागवून सर्वांना खुले केले, शेकडो अभ्यासकांना एकत्र बसवून आपल्या ४६ हजारांच्या आसपास वनस्पती, शेवाळ, बुरशींची यादी स्वतः केली. हे काम मला त्या खंडातल्या कुठल्याही धरणाइतकं मोलाचं वाटतं.

पण २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. दोन कोटी वस्तूंतला बराच मोठा भाग गेला. कीटकांचा सुमारे ५० लाखांचा संग्रह जवळजवळ सगळा गेला, प्रमाण-नमुन्यांसकट. वनस्पतींचे साडेपाच लाख कागद वेगळ्या इमारतीत होते म्हणून वाचले. लगेच सूर निघाला: बघा, युरोपात असते तर राहिले असते. हा युक्तिवाद मला चीड आणतो. कित्येक वर्षं देखभालीचा पैसा कापला गेला, आणि त्या रात्री जवळच्या नळांना पुरेसं पाणी नव्हतं. हा भूगोलाचा दोष नव्हे, अंदाजपत्रकाचा आहे. युरोपातही १६७१ साली माद्रिदजवळच्या एस्कोरियालला आग लागली आणि फ्रान्सिस्को एर्नांदेसने मेक्सिकोत नाहुआत्ल नावांसकट लिहून आणलेल्या तीन हजारांवर वनस्पतींच्या मूळ वह्या त्यात गेल्या. नमुन्यांच्या जोड्या करून दोन देशांत ठेवणं, ही साधी रीत वनस्पतिशास्त्रात जुनीच आहे. कीटकांसाठी ती पाळायला खण लागतात, माणसं लागतात. पुन्हा तोच पगाराचा मुद्दा.

पाराताक्सोनोमोंचं नंतर काय झालं, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं. इनबिओचा गाडा मंदावला तशी देशभर नेमलेली पुष्कळ माणसं दुसऱ्या कामाला लागली. ग्वानाकास्तेतली टिकली. २०१४ मध्ये तिथल्या परोपजीवी गांधीलमाश्यांच्या १८६ नव्या प्रजातींचं वर्णन झालं, तेव्हा त्यांतल्या कितीतरींना या माणसांची नावं दिली गेली. ही वर्णनं त्या पुढच्या ४०३ सारखी नव्हती. त्यांत बारकोड होता, अळी होती, आणि पंखाच्या शिराही होत्या. पिशवीत पाला घालायचं काम अजून रोज चालतं. त्याचे पगार बहुतेक करून अनुदानांतून आणि परदेशी देणग्यांतून येतात, आणि त्या दर थोड्या वर्षांनी नव्याने मागाव्या लागतात.